आकाशाची वर्गणी

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका वर्गणीवरून तीन दिवस चर्चा चालली होती. दादांच्या नातवाला मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी वर्षाची वर्गणी भरावयाची होती. तीच गाणी फुकटही ऐकता येतात. पण मध्येच जाहिराती लागतात. वर्गणी भरली म्हणजे तो उपद्रव टळतो, आणि एकाच वर्गणीत घरातील पाच-सहा माणसांची सोय होते, असा त्याचा युक्तिवाद होता. "जे फुकट मिळतं त्याला पैसे कशाला?" असा दादांचा सवाल होता. दोन्ही पक्षांचे म्हणणे मांडून झाल्यावर सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ज्याने सारा जन्म शाळेत मुलांच्या तंट्यांचा निवाडा केला, त्याला निवृत्तीनंतर घरातही तेच काम मिळते.

या वेळी मात्र मी लगेच निकाल दिला नाही. हाच खटला आमच्या घरात २००७ मध्ये एकदा उभा राहिला होता, आणि तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने निकाल दिला होता. तो निकाल चुकला. कसा चुकला हे चार कुटुंबांत सांगण्यासारखे आहे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आवाजासाठी पैसे मोजणे ही गोष्ट आमच्या पिढीला नवी नाही. माझ्या लहानपणी आमच्या माजघरात कोनाड्यावर एक मोठा रेडिओ होता, आणि त्याचे परवानापुस्तक तात्या, म्हणजे माझे वडील, रेशनकार्डाबरोबर लाकडी पेटीत ठेवीत असत. १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरात रेडिओ बाळगणे हा गुन्हा होता. दरवर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरावयाचे, पुस्तकावर तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यावयाचा, आणि पुस्तक पुन्हा पेटीत ठेवावयाचे, हा तात्यांचा नेम होता. १९२७ मध्ये मुंबईस नभोवाणी सुरू झाली तेव्हा हीच फी दहा रुपये होती. आणि त्या काळी दहा रुपये ही काही लहान रक्कम नव्हे.

मी तेव्हा संध्याकाळी एका शास्त्रीबुवांकडे संस्कृत शिकण्यास जात असे. तर्कसंग्रहात शब्द हा आकाशाचा गुण सांगितला आहे. ते पाठ करताना मला प्रश्न पडला, की शब्द जर आकाशाचा गुण, तर त्याबद्दल पोस्टात पंधरा रुपये का भरावे? शास्त्रीबुवांना विचारले, तेव्हा ते तपकिरीची चिमूट तशीच हातात धरून म्हणाले, "अरे, शब्द आकाशाचा, पण खोकं तुझ्या बापाचं. कर खोक्यावर आहे!" कायद्याचा इतका नेमका अर्थ मला पुढे कोणी सांगितला नाही. १९८० च्या दशकात हा परवाना रद्द झाला, आणि रेडिओ ऐकणे खरोखरच आकाशाइतके मोकळे झाले.

मोकळ्या आकाशातून आम्हांला पुष्कळ मिळत असे. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि कोल्हापुरातील कित्येक घरांप्रमाणे आमच्याही घराची दिनचर्या त्याच्या तालावर चालू लागली. पुढे कोल्हापूरचे स्वतःचे केंद्र १०२.७ वर सुरू झाले. सकाळी ६ वाजून ५५ मिनिटांनी संस्कृत बातम्या लागत. त्या १९७४ पासून चालू आहेत, आणि मी त्यांचा नियमित श्रोता. त्या संपल्या की ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून मराठी बातम्या. दर शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. तो १९५२ मध्ये सुरू झालेला. त्या दीड तासात तात्यांशी कोणीही बोलावयाचे नाही, असा घरातील अलिखित नियम होता.

तात्यांच्या गानप्रेमाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पुढील हकीकत त्यांवाचून कळणार नाही. कोल्हापुरास गाण्याची परंपरा आहे ती शाहू महाराजांच्या वेळेपासून. अल्लादियाखाँसाहेब महाराजांच्या पदरी होते. खाँसाहेब पुढे मुंबईस गेले, तरी त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ कोल्हापुरातच राहत. तात्यांनी तरुणपणी भुर्जीखाँसाहेबांना ऐकले होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या देवल क्लबात मागच्या भिंतीस टेकून ऐकलेल्या बैठकींची वर्णने ते शेवटपर्यंत करीत. साहजिकच अल्लादियाखाँसाहेबांचे घराणे तेवढे खरे, बाकीचे गाणे म्हणजे गोड बोलणे, अशी त्यांची ठाम समजूत होती. पेचदार लय आणि अनवट राग ऐकून ऐकून ज्यांचे कान घडले, त्यांना साध्या सुरेलपणाचे कौतुक सहसा नसते.

आमच्या वहिनींचे माहेर मिरजेचे. मिरज हे अब्दुल करीमखाँसाहेबांचे गाव. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले, पण आजही दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. ज्या गावी तंबोरे घडतात, त्या गावच्या मुलीच्या कानी सूर लहानपणीच पडतो. वहिनी सात वर्षे गाणे शिकल्या होत्या. १९७९ मध्ये त्यांना पाहण्यास आम्ही मिरजेस गेलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांना गावयास सांगण्यात आले. त्यांनी एक लहानशी चीज म्हटली, ती सर्वांना आवडली आणि लग्न ठरले. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी त्या ताक घुसळता घुसळता गुणगुणत होत्या. तात्या पूजेस बसले होते. ते हसून म्हणाले, "मिरजेचं गाणं म्हणजे साखरभात! गोड खरा, पण चावायला त्यात काही नाही." आम्ही सगळे हसलो, मीही हसलो. वहिनीही हसल्या. त्यानंतर त्यांचे गुणगुणणे आमच्या कानांवर पडले नाही. आणि पडत नाही, हेही आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता २००७ सालाकडे वळतो. तात्या तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. दिवस माणसांत जाई. रात्र जात नसे. झोप दोन-अडीच तासांची, आणि आकाशवाणी तर रात्री अकराच्या सुमारास निरोप घेऊन मोकळी होई. गावात खासगी एफ.एम. केंद्रे त्याच सुमारास आली होती, पण त्यांवरील गाणी तात्यांच्या उपयोगाची नव्हती. अशा वेळी आमचा धाकटा भाऊ 'वर्ल्डस्पेस' नावाच्या उपग्रह-रेडिओची माहिती घेऊन आला.

ही व्यवस्था आज राहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. इथिओपियात जन्मलेले नोआ समारा या गृहस्थांनी १९९० मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली. आफ्रिकेत एड्सचा फैलाव होत असून त्यासंबंधी साधी माहितीही तेथील लोकांपर्यंत पोचत नाही, हे वाचून त्यांच्या मनात हा विचार आला असे सांगतात. एक उपग्रह १९९८ मध्ये आफ्रिकेसाठी सोडण्यात आला. आशियासाठी 'एशियास्टार' हा दुसरा मार्च २००० मध्ये. तो विषुववृत्तावर, सिंगापूरच्या आसपासच्या आकाशात, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तो तिच्याभोवती फिरत असल्यामुळे आपल्याला एकाच जागी स्थिर दिसावा. तेथून येणारा आवाज झेपावयास वेगळे यंत्र लागे, आणि वर्गणी भरल्यावाचून ते यंत्र बहुतेक मुकेच राही. वर्गणी भरली की चोवीस तास गाणे. 'गंधर्व' नावाची एक वाहिनी केवळ हिंदुस्थानी संगीताची, 'श्रुती' कर्नाटक संगीताची, पाश्चात्त्य अभिजात संगीताची आणखी एक, अशा कितीतरी. ए. आर. रहमान यांच्यासारख्या संगीतकाराने तिच्या जाहिरातीस आपले नाव दिले होते. निवेदकाचा पाल्हाळ नाही, औषधांच्या जाहिराती नाहीत. मध्यरात्रीही कोणी ना कोणी गातच आहे!

खर्च मात्र होता. यंत्राचे काही हजार निराळे. शिवाय वर्षाला दीड-दोन हजारांची वर्गणी. घरखर्चाची वही दादांकडे असे. ते प्रत्येक खर्च गॅसच्या सिलिंडरांत मोजीत. सिलिंडर तेव्हा तीनशेच्या आसपास पडे. "म्हणजे वर्षाला सहा सिलिंडर आकाशात सोडायचे," ते म्हणाले. धाकटा म्हणाला, "दादा, तात्यांची रात्र सिलिंडरांत नको मोजू." मग नेहमीप्रमाणे प्रकरण माझ्यापुढे आले. मी निकाल दिला तो असा: ही वर्गणी तात्यांसाठी आहे, तेव्हा तात्यांना उपयोग होतो की नाही, हीच तिची कसोटी. एक वर्ष घेऊन पाहावे. उपयोग झाला तर चालू ठेवावी, न झाला तर बंद करावी.

निकाल सर्वांस पटला, दादांनाही. आजही वाचला तर त्यात दोष काढता येणार नाही असा तो आहे. मुद्देसूद निकालांचे हेच वाईट. जे विचारले त्याचे उत्तर ते चोख देतात, पण मुळात जे विचारलेच गेले नाही ते तसेच राहते.

दसऱ्याला यंत्र घरी आले. त्याच्याबरोबर एक लहान चपटी पाटी होती. ती उपग्रहाकडे तोंड करून ठेवावयाची. कोल्हापुरातून तो उपग्रह पूर्वेस, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर येतो. धाकटा ती पाटी घेऊन घरभर फिरला. तात्यांची खोली पश्चिमेस, तेथे काहीच लागेना. सोप्यावरून शेजारची चार मजली इमारत आड येई. शेवटी यंत्रास आवाज फुटला तो स्वयंपाकघरात! आमचा वाडा जुन्या शास्त्राप्रमाणे बांधलेला, चूल आग्नेयेस. उपग्रहही त्याच अंगास. पाटीची तार तीन-चार हात लांब. तेव्हा यंत्रही स्वयंपाकघराच्या खिडकीतच ठेवणे भाग पडले. मग तात्यांची खाट हलवून माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. अग्निदेवतेच्या दिशेने गाणे आले, असे म्हणून आम्ही विनोद केला आणि ज्याच्या त्याच्या कामाला लागलो.

पहिले पंधरा दिवस तात्या फार खूश होते. रात्री दोन वाजता मल्लिकार्जुन मन्सूर ऐकावयास मिळाले म्हणून सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून सांगितले. पण दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एके दिवशी ते म्हणाले, "माझा जुना ट्रान्झिस्टर उशाशी ठेवा बघू." मला आश्चर्य वाटले. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "या गाण्यात वाजले किती ते कळत नाही."

मी थोडा विचार केला आणि मला ते पटले. डोळसाला घड्याळ भिंतीवर असते. तात्यांचे घड्याळ कानांत होते. पहाटेची आकाशवाणीची धून, मग वंदे मातरम्, मग चिंतन, शेतकऱ्यांसाठी सल्ला, संस्कृत बातम्या, मराठी बातम्या: या एकेका खुणेवर हात ठेवीत ते रात्रीतून दिवसात येत. चोवीस तास अखंड वाहणाऱ्या गाण्यात अशी पायरी नव्हती. रात्रभर चालणाऱ्या गाण्याला सकाळ होत नाही. शिवाय ट्रान्झिस्टरवरील माणूस मराठीत बोले, पावसाचा अंदाज सांगे, राधानगरीच्या धरणाची पातळी सांगे. तात्यांना गाणे तर हवे होतेच, पण त्याहून अधिक हवी होती ती जागे असलेल्या कोणाची तरी सोबत. ती गोष्ट वर्गणीत येत नव्हती.

अशा रीतीने वर्ष गेले. २००८ चा दसरा आला आणि वर्गणीची मुदत संपत आली. त्याच महिन्यात ती कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. दादांनी वही पुढे ओढली. रात्रीची जेवणे चालली होती. तात्यांना विचारले, ते म्हणाले, "माझ्यासाठी नको. मला माझा ट्रान्झिस्टर पुरे." मी पंगतीत सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "आणखी कोणाला हवा आहे का?" मुले आपापल्या नादात होती. वहिनी वाढीत होत्या. माझ्या पानात भात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय, भावजी?" कसोटी पुरी झाली होती, साक्षीपुरावा झाला होता. "बंद करावे," मी म्हणालो.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी पहाटे मला जाग आली. साडेचार वाजले असतील. तात्यांना पाणी हवे का ते पाहावे म्हणून मी माजघराकडे निघालो. स्वयंपाकघरात दिवा होता. वहिनी रोज त्या वेळी उठतात हे मला ठाऊक होते. इतके ठाऊक होते की त्याचा विचार मी कधी केला नव्हता. खिडकीत यंत्र अगदी हळू लावलेले होते. त्यावर ललत चालला होता. आणि त्या सुराखाली, त्याच्या आधाराने, दुसरा एक सूर होता. वहिनी पाटावर बसून भाजी निवडीत होत्या आणि गात होत्या. गुणगुणणे नव्हे, गात होत्या. आवाज लहान ठेवलेला, पण प्रत्येक जागा जाऊन पाहिलेली.

मी दाराच्या अलीकडेच थांबलो. तात्या खाटेवर जागे होते. त्यांचा उजवा हात खाटेच्या कडेवर होता आणि बोटांनी ते मात्रा मोजीत होते.

तेवढ्यात यंत्रावरील गाणे संपले. दोन क्षण दुसरे सुरू झाले नाही. आणि त्या शांततेत वहिनींचा आवाज एकटाच उरला. त्यांच्या ते ध्यानात आले आणि त्या एकदम थांबल्या. माजघरातून तात्यांचा आवाज आला:

"थांबलीस का, सूनबाई?"

आतून उत्तर आले नाही.

"दोन्ही मध्यम नीट लागले होते," तात्या म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "अगं, माझे दात जाऊन दहा वर्षं झाली. मला आता साखरभातच झेपतो. म्हण."

एकोणतीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य त्यांना आठवत होते. वहिनींना तर आठवत असणारच. विसरलो होतो ते आम्ही, हसणारे.

वहिनी पुन्हा गायल्या की नाही, हे ऐकण्यास मी थांबलो नाही. तेथे थांबण्याचा अधिकार मला आहे असे वाटेना.

सकाळी मी दादांना म्हणालो, "ती वर्गणी भरायची आहे." दादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "निकाल तूच दिलास ना?" मी म्हणालो, "दिला. पण पक्षकारच चुकीचा धरला होता." आणि पहाटे ऐकलेले त्यांना सांगितले. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्षभर ती रोज म्हणत होती?" ते वहिनींचे यजमान. पण ते उठत सहा वाजता, तेव्हा त्यांच्याही कानी ते कधी आले नव्हते. त्या दिवशी त्यांनी वहीत खर्च लिहिला तो औषधपाण्याखाली नाही, करमणुकीखाली नाही. सौभाग्यवतींचे नाव घालून निराळ्या ओळीत लिहिला. तीस वर्षांच्या वह्यांत त्यांच्या नावावर पडलेला तो पहिला खर्च होता, असे ते स्वतःच मला पुढे म्हणाले. वर्षभरात त्यांच्यासाठी लुगडी येत, औषधे येत. पण ती सारी 'घर' या सदराखाली.

एकत्र कुटुंबाचा हा गुण की दोष, ते मी सांगत नाही. चुलीवर जे शिजते ते सर्वांचे, हे आपले ब्रीद आहे आणि ते चांगले आहे. पण हिशेबाच्या वेळी जो मागतो त्याचीच मागणी मोजली जाते. जो आजारी पडतो, रडतो किंवा भांडतो, त्याची मोजली जाते. जो वाढीत असतो त्याची मागणी वहीत येत नाही, कारण तो पंगतीला बसलेलाच नसतो. मी प्रश्न विचारला होता, यात शंका नाही. पण भरल्या पंगतीत, हातात भाताचे भांडे असलेल्या बाईला विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो. शाळेत वर्गापुढे उभे राहून "कोणाला समजलं नाही का?" असे मी जन्मभर विचारीत आलो, आणि एकही हात वर न झाल्यास धडा पुरा झाला असे समजत आलो. त्या पहाटेनंतर ती सवय मी सोडली.

पुढे ती वर्गणी फार काळ भरावी लागली नाही. जगातील बहुतेक वर्गणीदार भारतातच होते, तरी मूळ कंपनी कर्जात बुडालेली. विकत घेणारा कोणी पुढे येईना. ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील प्रक्षेपण बंद झाले. आमची मुदत त्या सुमारास सरतच आली होती, त्यामुळे आमचे काही नुकसान झाले असे म्हणता येत नाही. अमेरिकेत उपग्रह-रेडिओ अजून चालू आहे. तेथे माणसे मोटारीत तासन्‌तास एकटी असतात, आणि रेडिओ मोटारीत बसविलेलाच येतो. आमच्याकडे तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आला, हा फरक!

१ जानेवारी २०१० च्या पहाटे यंत्र मुके झाले. तात्यांनी नेहमीच्या वेळी विचारले, "सूनबाई, आज गाणं लागलं नाही?" वहिनी म्हणाल्या, "ते आता लागायचं नाही, तात्या. बंद झालं." तात्या म्हणाले, "मग तू आहेस की."

त्यानंतर सहा महिने, आषाढात तात्या गेले तोवर, पहाटे साडेचारला आमच्या स्वयंपाकघरातून गाणे लागत असे. त्यास तार नव्हती, पाटी नव्हती, उपग्रह नव्हता; आणि गाणे संपल्यावर "साडेपाच झाले, तात्या, चहा ठेवते," असे सांगणारे निवेदनही होते. वर्षभर जी सोबत वर्गणीत मिळत नव्हती, ती अशी मिळाली.

आज विचार करता मौज वाटते. ज्यासाठी सहा सिलिंडर मोजले ते आज फुकट मिळते. आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ रोजी 'रागम्' ही अखंड शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. ती मोबाइलवर ऐकता येते, आणि दूरदर्शनच्या मासिक भाडे नसलेल्या छत्रीवरही आकाशवाणीच्या पुष्कळ वाहिन्या ऐकता येतात. तेव्हा आकाशाची वर्गणी आता नावापुरतीच उरली आहे. उरला आहे तो प्रश्न, कोणासाठी ऐकावयाचे आणि कोणाला विचारावयाचे, हा.

म्हणून गेल्या महिन्यात नातवाचा खटला माझ्यापुढे आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "वर्गणी भर अगर भरू नकोस, पण पाच-सहा माणसांची सोय होते म्हणतोस, तर त्या पाच-सहा जणांना आधी विचारून ये. एकेकाला, निरनिराळं, आणि ते हातात काही काम घेऊन नसतील तेव्हा. आणि जो 'मला काही नको' म्हणेल, त्याला दुसऱ्यांदा विचार."

पोरगा हुशार, तो विचारून आला. चुलतभावाला क्रिकेटची चर्चा हवी होती, त्याच्या आईला कीर्तन. दादांनी "काही नको" म्हणून सांगितले, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर लहानपणी ऐकलेल्या नाट्यगीतांची यादीच दिली. वर्गणी भरली गेली, हे सांगणे नकोच.

वहिनीही प्रथम "मला काही नको" म्हणाल्या. आता त्यांना सत्तरी जवळ आली आहे. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्या मोबाइलमध्ये नुसता तंबोरा लावून मिळतो म्हणतात, खरं का?" नातवाने दोन मिनिटांत तो लावून दिला, त्यास वर्गणी पडत नाही. सूर कोणता ठेवू, म्हणून त्याने विचारले. वहिनी आधी म्हणाल्या, "काळी चार." मग क्षणभर ऐकून म्हणाल्या, "नको रे. आता वय झालं. पांढरी पाच ठेव."